सोडायला जागा

कावेरीच्या पित्ताशयात खडे असल्याचं कळलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची सासू विठाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी राणेबेन्नूरला गेली. विठाबाईंना मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर सोडून कावेरी परतली, तेव्हा पोटात अशी कळ उठली की जे. पी. नगरच्या मेट्रो स्टेशनच्या पायरीवरच ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही, शुक्रवारी दाखल व्हा. चार दिवस राहावं लागेल.

ऑपरेशनचं कावेरीला फारसं काही वाटलं नाही. पोट फाडोत नाहीतर शिवोत. तिच्या डोक्यात एकच विचार घुमायला लागला, की हे चार दिवस प्रणीत कुणाकडे राहणार?

प्रणीत तिचा एकुलता एक मुलगा. वय नऊ. त्याला ऑटिझम होता. दहीभात खायचा, पण फोडणीतली एकेक मोहरी बोटानं उचलून ताटाच्या कडेला रांगेत लावल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडायचा. बोलायचा अगदी मोजकं, तेही कुणी विचारलं तर. आपणहून प्रश्न त्यानं जन्मात कधी विचारला नव्हता. शाळेतल्या बाई म्हणायच्या, ज्या दिवशी हा स्वतः प्रश्न विचारेल त्या दिवशी मैसूरपाक वाटा. कावेरी नऊ वर्षं त्या मैसूरपाकाची वाट बघत होती. नवरा, प्राणेश, तीन वर्षांपूर्वी छातीत दुखायचं निमित्त होऊन गेला, तोही वाट बघतच गेला.

रोज सकाळी नऊला ती प्रणीतला त्याच्या खास शाळेत सोडायची. फाटकापाशी दोन प्रश्न ठरलेले असत.

"सोडायला कोण आलं?"

"अम्मा."

"न्यायला कोण येणार?"

"अम्मा."

एवढं झालं की तो तिचं बोट सोडायचा आणि मागे न बघता आत जायचा. एकदा घाईत ती हे विचारायला विसरली, तर पठ्ठ्या चाळीस मिनिटं फाटकाला टेकून उभा राहिला. असा मुलगा चार दिवस कुणाच्या पदरात टाकायचा? शेजारची भाग्यलक्ष्मी जिवाला जीव देणारी बाई, पण अर्ध्या तासासाठी ठेवलं तर तिच्या मनगटाला दात लावून मोकळा झाला होता.

कावेरी चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला होती. तिथे हजेरीच्या मशीनशेजारी एक गुलाबी पोस्टर लावलेलं होतं. 'हेगलु. तुम्ही एकट्या नाही.' हेगलु म्हणजे कन्नडमध्ये खांदा. कर्मचाऱ्यांना घरची, मनाची, कसलीही अडचण असली तर या ॲपवर सांगायची, माणसं मदतीला येतात, असं एचआरच्या मुलीनं भाषण ठोकून सांगितलं होतं. मराठीत खांदा कधी देतात हे त्या नाव ठेवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

तिनं ॲप उघडलं. भाषा निवडा, म्हणालं. यादी खाली सरकवत गेली तर शेवटून दुसरी मराठी! कावेरीला इतका आनंद झाला की काय सांगावं. तिचं घराणं साडेतीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत, बाहेर सगळा कारभार कन्नडमध्ये. शाळाही कन्नड. मराठीत लिहिलेली पाटीसुद्धा तिनं या शहरात कधी पाहिली नव्हती. घरचं दुखणं घरच्या भाषेत सांगता येतंय म्हटल्यावर तिनं मराठीवर बोट ठेवलं. कन्नडवर ठेवलं असतं तर पलीकडे हाडामांसाचं माणूस होतं. मराठीला माणूस नव्हतं, मशीन होतं. ते ऐकून घ्यायचं, इंग्रजीत उतरवायचं आणि पुढे पाठवायचं. हे तिला कुणी सांगितलं नाही.

फोन तोंडाजवळ धरून ती म्हणाली, "नमस्कार हो. मी कावेरी. माझं ऑपरेशन ठरलंय. सासूबाईंना परवाच मॅजेस्टिकला सोडून आले. आता घरात कुणी नाही. माझा मुलगा स्वल्प वेगळा आहे. त्याला चार दिवस कुठंतरी सोडायचंय. सोडायला बरीशी जागा असली तर सांगा की. जीव अगदी मेटाकुटीला आलाय."

बोलून झाल्यावर खरंच हलकं वाटलं तिला. हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली कन्नडमध्ये अक्षरं उमटली, 'तुम्ही योग्य पाऊल उचललंत.'

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. हेगलुची प्रियदर्शनी नावाची बाई होती. आवाज मधात बुडवून काढलेला. ती हिंदीत बोलत होती, आणि कावेरीचं हिंदी टीव्हीवर शिकलेलं.

"आप बहुत हिम्मतवाली हैं, कावेरीजी. हम आपको जज नहीं करेंगे."

पित्ताशयाच्या ऑपरेशनला एवढी हिंमत काय लागते हे कावेरीला कळलं नाही, पण कुणी कौतुक केलं तर ते नाकारायचं कशाला. "थँक्यू," ती म्हणाली.

"बच्चे को छोड़ना है, ये आपका अपना फ़ैसला है?"

"हाँ जी. छोड़ना है. और कोई है नहीं ना."

"चार दिन में?"

"हाँ हाँ, चार दिन." मधल्या त्या इवल्याशा 'में'कडे तिचं लक्षच गेलं नाही. मग तिला आठवलं म्हणून ती म्हणाली, "फिर मैं ले जाने को आती."

मग प्रियदर्शनी आणखी हळुवार झाली. "अभी वो सब मत सोचिए. अभी सिर्फ़ अपने बारे में सोचिए."

फोन ठेवल्यावर कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राणेश गेल्यापासून 'स्वतःबद्दल विचार कर' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं त्याच संध्याकाळी वहीचं पान फाडून घेतलं आणि कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरात, प्रणीतला सांभाळणाऱ्यांसाठी सगळं लिहून काढलं. दहीभात कोमट. मोहरी काढू द्यावी, घाई करू नये. कुकर लावताना आधी सांगावं. झोपताना डाव्या कुशीवर. रडला तर जवळ घेऊ नये, शेजारी बसावं. दोन्ही बाजू भरल्या. त्या पानाचं पुढे काय होणार हे माहीत असतं, तर तिनं ते चुलीत घातलं असतं.

गुरुवारी ती त्याला प्रियदर्शनीनं सांगितलेल्या पत्त्यावर घेऊन गेली. बन्नेरघट्ट्याच्या रस्त्यावर छान बंगला, पुढे बाग, झोपाळा, भिंतीवर फुलपाखरं. प्रियदर्शनी दारात येऊन उभी. सुती साडी, चांदीचे झुमके, चेहऱ्यावर माया. तिनं कावेरीचे दोन्ही हात हातात घेतले. आत एक टॅब पुढे केला. अकरा पानं होती, सगळी इंग्रजीत.

"फ़ॉर्मैलिटी है," प्रियदर्शनी म्हणाली. "मैं समझा देती हूँ."

आता हेही सांगायला हवं, की कावेरी काही अडाणी नव्हती. डिस्पॅचची बिलं ती रोज तपासायची, इंग्रजी पत्ते वाचायची. ती वाचायलाच बसली होती. पण दुसरं पान उघडलं आणि आतल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. प्रणीत किंचाळला. टेबलाखाली घुसला, डोकं फरशीवर आपटायला लागला. कावेरी खाली बसली, एका हातानं त्याच्या डोक्याखाली तळवा धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं, प्रियदर्शनी टॅब खाली धरत होती तिथे तिथे, अकरा वेळा सही केली.

मग टॅबवर कुणी साहेब दिसले. बालकल्याण समितीचे, म्हणे. चित्र सारखं अडकत होतं. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना?"

"नाही, सर."

"स्वखुशीनं सोडताय?"

"हो सर. मीच सोडतेय." कुकरच्या शिट्ट्या अजून चालूच होत्या.

साहेब कन्नड होते, त्यांना खरं तर कळायला हवं होतं. पण त्यांच्यासमोर इंग्रजी कागद होता, आणि माणसानं एकदा कागद वाचला की त्याचे कान बंद होतात. चित्र पुन्हा अडकलं, साहेब तोंड उघडं ठेवून थिजले आणि फोन कट झाला.

निघताना दारापाशी तिनं प्रणीतला बोट दिलं. "सोडायला कोण आलं?"

"अम्मा."

"न्यायला कोण येणार?"

"अम्मा."

त्यानं बोट सोडलं आणि झोपाळ्याकडे गेला. प्रियदर्शनीनं तोंड फिरवून डोळे पुसले. किती हळव्या मनाची बाई, कावेरीला वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. चार दिवस ती निवांत झोपली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं हेगलुचं नावही लिहून दिलं, तुम्हाला कधी लागलं तर म्हणून.

पाचव्या दिवशी, पोटाशी उशी धरून, रिक्षानं ती बंगल्यावर पोचली. रिक्षावाल्याला म्हणाली, "स्वल्प थांबा, मुलाला घेऊन आलेच." हातात दहीभाताचा डबा होता.

झोपाळा रिकामा होता. प्रियदर्शनी बाहेर आली, आणि कावेरीला बघून तिचा चेहरा असा झाला, जसा आपण एखाद्याच्या घरी दहाव्याला जातो तेव्हा करतो.

"प्रणीत को ले जाने आई हूँ," कावेरी हसत म्हणाली.

"आइए. बैठिए पहले."

"नहीं, रिक्षा खड़ा है."

"कावेरीजी, प्रणीत यहाँ नहीं है. उसको स्पेशल होम में शिफ़्ट किया है. शुक्रवार को ही."

कावेरीला आधी वाटलं, आपलं हिंदी कच्चं आहे. तिनं कन्नडमध्ये विचारलं. मग, का कोण जाणे, मराठीतही विचारलं. "कुठं आहे? कुठं ठेवलाय?"

"वो हम नहीं बता सकते. आपने उसको छोड़ दिया है. कानूनन." प्रियदर्शनीनं टॅब उघडला. शेवटच्या पानावर वर ठळक अक्षरात काहीतरी होतं, खाली कावेरीची वाकडीतिकडी सही. तिनं एकेक शब्द जुळवला. 'मी, मुलाची आई, या मुलावरचे माझे सर्व हक्क कायमचे सोडून देत आहे.'

कायमचे.

डबा हातातून सुटला. दहीभात पायऱ्यांवर सांडला.

"चार दिवस," ती म्हणाली. "मी चार दिवस म्हटलं होतं. माझं ऑपरेशन होतं. हे बघा." आणि भर अंगणात तिनं कुडता वर करून पोटावरच्या पट्ट्या दाखवल्या. आयुष्यात पदर न ढळू दिलेली बाई.

प्रियदर्शनी दचकली, पण लगेच सावरली. तिला शिकवलेलं होतं ना सगळं. "ऐसा होता है. जो माँएँ बच्चा छोड़ती हैं, उनको पाँचवें-छठे दिन ऐसा ही लगता है. ये ग्रीफ़ है. इसको बहने दीजिए. हमारी तरफ़ से छह सेशन फ़्री हैं, लेटिंग गो के." आणि तिनं टिश्यूचा डबा पुढे केला.

तो डबा कावेरीनं भिरकावला. ओरडली. तिन्ही भाषांत ओरडली. वॉचमन आला. प्रियदर्शनीनं टॅबवर काहीतरी लिहिलं. नंतर कळलं, तिनं लिहिलं होतं, 'आई आक्रमक. मुलाला धोका संभवतो.' पोटच्या पोराचा पत्ता मागणारी बाई शांत बसायला हवी होती, असा त्यांचा हिशोब.

समितीचं कार्यालय दुसऱ्या दिवशी उघडलं. फायली बघणारा मंजुनाथ नावाचा पन्नाशीचा माणूस होता, कपाळावर कुंकवाचा टिळा, खिशात दोन पेनं. बाकी सगळ्यांनी तिला 'टोकन घ्या' म्हटलं. त्यानं खुर्ची दिली आणि फाइल उघडून तिला वाचून दाखवली. इंग्रजी वाक्य वाचायचा आणि कन्नडमध्ये सांगायचा.

"महिलेनं दोन दिवसांपूर्वी आपल्या वृद्ध सासूला मॅजेस्टिक बसस्टँडवर टाकून दिलं आहे."

"काय?" कावेरी म्हणाली.

"मुलगा सामान्य नसल्यामुळे तिला त्याचा त्याग करायचा आहे. मुदत, चार दिवस. त्याला टाकण्यासाठी जागा विचारते. स्वतःचा जीव संपत आल्याचं सांगते. शेरा, अतितातडीचं." त्यानं पान उलटलं. मागे तिचं वहीचं पान टाचलेलं होतं. दहीभात कोमट. मोहरी काढू द्यावी. वर लाल शाईत इंग्रजी शेरा होता. मंजुनाथ तो वाचताना अडखळला. "आईनं त्याग पूर्ण विचारांती, तयारीनिशी केल्याचा पुरावा."

कावेरीला रडूही येईना. ती त्या पानाकडे बघत बसली. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत, कन्नडमध्ये म्हणाली, "सर, मी सासूबाईंना बसमध्ये बसवून आले. सोडून आले. बिट्टु बंदे."

मंजुनाथनं चष्मा काढला.

"ओ. बिट्टु बरोदा? बस हत्तिसि, बसमध्ये चढवून?"

"हौदु."

"आणि मुलाला पण तसंच? बिट्टु बरोदु? मग परत आणायला जाणार?"

"हो. शाळेत सोडतो तसं. रोज सोडते मी त्याला, सर. रोज सोडते आणि रोज घेऊन येते."

"अय्यय्यो," तो म्हणाला, आणि फाइल अशी मिटली जशी काही तिच्यातून कुबट वास येत होता. एका माणसाला हे अर्ध्या मिनिटात कळलं. सोडणं म्हणजे टाकणं नव्हे, हे या गावात भाजी विकणारीलासुद्धा कळतं. पण भाजीवाली इंग्रजीत काम करत नाही.

"मग द्या ना माझा मुलगा," कावेरी म्हणाली.

मंजुनाथनं फाइल बाजूला सारली. "अक्का, कागद झालाय. आता उलटा कागद करावा लागतो. साठ दिवसांच्या आत मागे घेता येतं, ते मी करून घेतो. पण घराची पाहणी होणार, अहवाल येणार, समिती बसणार. आणि यांनी आक्रमक लिहिलंय, त्याचं वेगळं."

"किती दिवस?"

"मी पळवतो. पण चार दिवसांत नाही होत," तो म्हणाला, आणि काय बोललो ते कळून मान खाली घातली.

विठाबाई राणेबेन्नूरहून पहिल्या गाडीनं आल्या. ओली बाळंतीण लेक व्याह्यांच्या हवाली करून आल्या. पाहणीला आलेल्या अधिकारीणबाईंनी "तुमच्या सुनेनं तुम्हाला टाकलं होतं का?" असं विचारताच म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली आणि तिकीट काढून त्यांच्या नाकासमोर धरलं.

"हे बघा, मला टाकलेलं! खिडकीची जागा बघून टाकलं. पाण्याची बाटली देऊन टाकलं. पोचल्यावर तीनदा फोन करून टाकलं. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला घरी कुणी असं टाकत नाही का?"

अधिकारीणबाईंनी ते लिहून घेतलं नाही. दाराची कडी उंचावर का आहे, हे मात्र लिहून घेतलं. प्रणीत उघडून रस्त्यावर पळतो म्हणून ती उंचावर होती. त्यांनी लिहिलं, मुलाला कोंडून ठेवत असावेत.

सव्वीस दिवस गेले. ॲप रोज सकाळी विचारायचं, 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' आणि खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. तिनं ॲप काढून टाकलं, तर एचआरच्या मुलीनं बोलावून सांगितलं की मदत नाकारणं हे चांगलं लक्षण नाही. त्याच सुमारास प्रियदर्शनीचाही फोन आला. बाई खरोखर रडत होती, ते खोटं नव्हतं. झाल्या प्रकारातून आम्ही शिकलो, म्हणाली. कावेरीला वाटलं, आता मराठीला माणूस नेमलं असेल. तसं नव्हतं. त्यांनी यादीतून मराठी काढून टाकली होती.

सत्ताविसाव्या दिवशी समिती बसली. प्रणीतला पीण्या भागाच्या पलीकडच्या कुठल्याशा होममधून आणलं. कावेरीनं आधी ओळखलंच नाही. केस मुळापासून कापलेले, शर्ट दुसऱ्याच कुणाचा, मान बारीक झालेली. सोबतचा माणूस अभिमानानं सांगत होता, "आता सगळं खातो, मॅडम. मोहरीबिहरी काही नाही. दोन आठवड्यांत सवय मोडली."

कशी मोडली, हे विचारायची कावेरीची हिंमत झाली नाही. प्रणीतच्या उजव्या हाताच्या बोटावर, ज्या बोटानं तो मोहरी उचलायचा त्यावर, एक काळंनिळं नख होतं.

टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "मुलगा आईला ओळखतो का, बघू."

प्रणीत पंख्याकडे बघत होता. कावेरी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, टाक्यांची जागा ओढली गेली तरी बसली. तिनं बोट पुढे केलं. तिच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

"सोडायला कोण आलं?"

मग, पंख्यावरची नजर न काढता, तो म्हणाला, "अम्मा."

कोपऱ्यातल्या टायपिस्टनं ते टाइप केलं. मंजुनाथनं शेजारच्या बाईंना अर्थ सांगितला आणि पुढचा प्रश्न ऐकायला सगळे पुढे वाकले.

"न्यायला कोण येणार?"

प्रणीत गप्प.

"न्यायला कोण येणार, राजा?"

तो पंख्याकडेच बघत राहिला. तिनं पाच वेळा विचारलं. उत्तर आलं नाही. त्यानं खोटं का बोलावं? न्यायला कुणी आलं नव्हतं. सव्वीस दिवस तो कुठल्या फाटकाला टेकून उभा राहिला असेल, आणि किती वेळ, हे त्या क्षणी कावेरीला समजलं, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की टायपिस्टचे हात थांबले.

मुलगा तिला परत दिला. मंजुनाथनं कागद उलटा केला होता, ते खरं. समितीनं वर समजही दिली, की यापुढे कुठेही सही करताना वाचून करावी.

घरी आल्यावर विठाबाईंनी दहीभात कालवला, मुद्दाम भरपूर मोहरी घालून, त्याला वेचायला मिळावी म्हणून. त्यानं वेचली नाही. मोहरीसकट खाल्ला, भरभर, मान खाली घालून, कुणीतरी मागे उभं असल्यासारखा. म्हातारी पदर तोंडात कोंबून मोरीकडे गेली.

पुढच्या सोमवारी कावेरी त्याला शाळेत घेऊन गेली. नऊ वाजायला पाच मिनिटं होती. शाळेतल्या बाई हसत पुढे आल्या. "या, या! सोडा त्याला अक्का, मी नेते आत."

प्रणीतनं बोट धरलं नव्हतं. दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं होतं.

"सोडायला..." कावेरीनं सुरुवात केली आणि तिला पुढे बोलता येईना.

प्रणीतनं वर पाहिलं. पंख्याकडे नाही, आभाळाकडे नाही, सरळ तिच्या डोळ्यांत. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं प्रश्न विचारला.

"न्यायला कोण येणार?"

बाईंनी आनंदानं तोंडावर हात ठेवला. "अय्यो, अक्का! यानं विचारलं! प्रश्न विचारला!"

"अम्मा," कावेरी म्हणाली. "अम्मा येणार."

"न्यायला कोण येणार?"

"अम्मा, राजा. मीच."

"न्यायला कोण येणार?"

तो विचारत राहिला आणि ती उत्तर देत राहिली. दर उत्तराला मनगटावरची मूठ आणखी आवळत होती. आता फक्त 'सोड' म्हणायचं होतं. रोज दहा वेळा म्हणतो आपण मुलांना, सोड रे, लागतंय. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घंटा झाली, बाकीची मुलं आत गेली, आणि कावेरी मनगट तसंच त्याच्या हातात ठेवून फाटकाशी खाली बसली.